अर्धा स्वर खाली

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे आणि मी डूख धरून बसलो आहे. लाकडाच्या खोक्याला कसला आलाय डूख, असं म्हणून हसू नका. आधी ऐका, मग काय ते हसा.

माझं लाकूड सात वर्षं सावलीत वाळवलं होतं. एका कारागिराने माझ्या दोनशेहून जास्त तारा हाताने ताणल्या आणि त्याच्या बायकोने तारांवर पडणाऱ्या माझ्या हातोड्यांवर दाबलेल्या लोकरीचा नमदा चिकटवला. पहिली तीस वर्षं मी विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात काढली. लोक उभं राहून टाळ्या वाजवत. त्यातल्या निम्म्या माझ्याच, असं मी धरून चालत असे.

मग संगीताचे नवे विभागप्रमुख आले. त्यांनी आल्या आल्या नवा कोरा पियानो आणवला, त्याला कुलूप घातलं आणि माझ्याकडे बोट केलं. "हे धूड कार्यशाळेच्या खोलीत टाका. शाळा-कॉलेजची पोरं बडवतील."

चार माणसं मला जिन्यावरून जपून उतरवत होती. प्रमुखांना दम कुठला! "गोंजारताय काय? ओढा!" तिसऱ्या पायरीवर मी निसटलो आणि तळाशी आदळलो. ज्या फळीत माझ्या तारा ताणणाऱ्या खुंट्या रोवल्या आहेत, ती आत तडकली. त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही.

सूर लावणारी बाई आली. तिने माझ्या कुशीला कान लावला आणि कळवळून म्हणाली, "सर, आता याला पूर्ण ताण सोसायचा नाही. फळी बदलेपर्यंत सगळाच अर्धा स्वर खाली लावते. मुलांना तेवढं सांगून ठेवा."

प्रमुख फोनवर होते. "हो हो, लावा कुठंही," म्हणाले आणि निघून गेले.

तेव्हा बाईने एक चिठ्ठी लिहून माझ्या वरच्या झाकणाच्या आत चिकटवली. दुसऱ्याच दिवशी प्रमुखांनी त्या झाकणावर आपले करंडक मांडले. मग झाकण कोण उघडतंय?

आता हा अर्धा स्वर म्हणजे काय, ते सांगतो. माझ्या पट्ट्यांना वाजवणारी माणसं पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन अशी ओळीने नावं देतात. बाईने सूर उतरवल्यापासून पांढरी दोन दाबली की आवाज काळी एकचा येई. सगळंच एक घर खाली. आणि आमचे प्रमुख तर दर कार्यशाळेत छाती फुगवून सांगत, "माझा कान म्हणजे तराजू! कपबशी आपटली तरी स्वर सांगेन." वर्षभर ते मला वाजवत होते, पण तराजूचा काटा काही हलला नाही.

तिथेच मला माझा सूड सापडला. मी वेडावाकडा बेसूर झालो असतो तर त्यांनी मला भंगारात काढलं असतं आणि स्वतः नामानिराळे राहिले असते. म्हणून मी एकही तार ढिली पडू दिली नाही. दमट हवेत दात-ओठ खाऊन खुंट्या धरून ठेवल्या. बाईने लावलं तसाच राहिलो, चोख आणि अर्धा स्वर खाली. कधीतरी कोणीतरी खऱ्या कानाचं येईल, याची वाट बघत राहिलो.

ती आली, आठवीतली. सगळे तिला पुटपुटी म्हणत, कारण दार करकरलं तरी ती पुटपुटायची, "पांढरी पाच." तिचा मामा बस चालवायचा आणि पाळी संपली की तिला न्यायला यायचा. विद्यापीठाने तिला कार्यशाळेपुरती बासरी दिली होती. पाच दिवसांनी आठ मुलं वर्षभराच्या वर्गासाठी निवडली जाणार होती. निवड झाली तर बासरी तिच्याकडेच राहणार होती.

चौथ्या दिवशी कानाची परीक्षा झाली. मुलाने माझ्याकडे पाठ करून उभं राहायचं. प्रमुख एक पट्टी दाबून म्हणायचे, "ही पांढरी एक. आता पुढच्या ओळखा." बाकीची मुलं त्यावरून मोजत, आणि मी आपल्या आपल्यात सुरात असल्याने त्यांची उत्तरं जुळत.

पुटपुटी म्हणाली, "सर, ही पांढरी एक नाही. ही पांढरी सात आहे."

"मला शिकवतेस?" प्रमुख लालबुंद झाले. त्यांनी दहा पट्ट्या दाबल्या. तिची दहा उत्तरं चुकीची ठरली आणि दहाही नेमकी एक घर खाली! अहो, जरा डोकं चालवलं असतं तरी कळलं असतं. पण ते म्हणाले, "तुला कानच नाही. उद्या बासरी परत करून टाक."

दाराबाहेरून तिचं रडणं मला ऐकू आलं. "मामा, सगळ्यांना ऐकू येतं ते मला येत नाही. मी खोटंच ऐकत होते."

"येडी की काय? दमली असशील," मामा म्हणाला, पण त्याचाही आवाज खचला होता.

मित्रांनो, मी जळून गेलो. माझा बाण भलत्याच पाखराला लागला होता.

दुसऱ्या दिवशी समारोप होता. पाहुण्या म्हणून बासरी वाजवणाऱ्या एक वयस्क बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मुलांच्या खोलीत, मुलांच्याच पियानोबरोबर वाजवू." साथीला अर्थातच प्रमुख बसले. बाईंनी सूर जुळवायला स्वर मागितला, तर म्हणतात कसे, "त्याची काय गरज? माझा कान आहे ना!"

दोघांनी सुरुवात केली आणि मुलांनी कानावर हात ठेवले. प्रमुख हसून म्हणाले, "आपली बासरी जरा चढलेली दिसते."

बाईंनी बासरी ओठांवरून खाली घेतली. त्यांनी माझी एक पट्टी दाबली. "मुलांनो, ही कुठली?"

"पांढरी दोन!" सगळे ओरडले.

दारातून बारीक आवाज आला. "काळी एक." बासरी परत करायला आलेली पुटपुटी मामाच्या मागे उभी होती.

"हीच ती, कान नसलेली," प्रमुख म्हणाले.

बाईंनी आपल्या बासरीवर काळी एक वाजवली. माझ्या स्वरात ती दुधातल्या साखरेसारखी विरघळली.

"झाकण उघडून बघा की," मामा म्हणाला. "गाडी कुरकुरली की आम्ही आधी बॉनेट उघडतो."

करंडक प्रमुखांनाच उचलावे लागले. एक निसटून त्यांच्याच पायावर पडला, आणि तो मी पाडला नाही असं मी शपथेवर सांगणार नाही. बाईंनी चिठ्ठी त्यांच्याच हाती दिली आणि मोठ्याने वाचायला लावली. "हा पियानो अर्धा स्वर खाली लावला आहे. विभागप्रमुखांना समक्ष सांगितले आहे."

आहाहा! वर्षभर सोसलेल्या तारांचं सार्थक झालं.

पुटपुटीची परीक्षा बाईंनी तिथेच पुन्हा घेतली. दहापैकी दहा. बासरी तिच्याकडेच राहिली. जाताना तिने तळहाताने माझं झाकण पुसलं. या खोलीत आल्यापासून ते कोणी पुसलं नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या शाळेत एखादं जुनं वाद्य असेल तर ते ओढू नका, त्यावर सामान रचू नका. अधूनमधून झाकण उघडून आत बघा. आणि कोणी वेगळं उत्तर दिलं, तर त्याला बहिरा ठरवण्याआधी दोनदा बघा.

आता दर शनिवारी पुटपुटी वर्गाला येते. कधी कधी प्रमुख आत येतात, मागे कोणी नाही ना ते बघतात, एक पट्टी दाबतात आणि हळूच विचारतात, "ही कुठली गं?"

ती सांगते. तिने त्यांना कधीच माफ केलं आहे. मी नाही.