वर्गणीचं तेल

"चटई तं आंथरायची होती," जयमाला शेजारणीच्या कानाशी पुटपुटली. "दोन हजार देऊन बसा पोत्यावर!"

शेजारीण म्हणजे विमलबाई, आणि ज्या तेलघाणीत सगळे पोत्यांवर बसले होते ती तिच्या सुनेनं, पूनमनं काढलेली. जयमाला हे विसरली नव्हती. ऐकू जावं म्हणूनच पुटपुटली होती.

कर्जासाठी बँकेनं हात वर केल्यावर पूनमनं मोबाईलवर लिंक फिरवली होती: करडीच्या तेलाची घाणी, दोन हजाराचा एक हिस्सा, नफा झाला तर सगळ्यांचा. डोणगावातल्या आणि बाहेर नोकरीला गेलेल्या मिळून दोनशे जणांनी हिस्से घेतले. सगळं नीट झालं असतं. पण म्हाताऱ्याकोताऱ्यांना 'हिस्सा' समजेना, तेव्हा विमलबाईनंच सोपं करून सांगितलं, "वर्गणी समजा."

आणि वर्गणी म्हटली की गावाला प्रसाद आठवतो. घाणी फिरली त्या दिवसापासून जो तो रिकामी बाटली घेऊन दारात. पूनम भाव सांगायची. माणसं बाटली रिकामीच घेऊन, पण तोंड भरून बोल लावत परत जायची.

आता मेहकरचा एक व्यापारी मशीन उचलायला तयार होता. विकायची की ठेवायची, हे आज हात वर करून ठरणार होतं.

उकंडराव उठले. "तेल खपूनच नाही राह्यलं, तं मशीन काऊन ठेवायची? पोरीले धंदा जमत नाही, सरळ गोष्ट आहे."

"भेसळ असन," मागून कोणीतरी.

"काका, तुमच्यासमोर गाळते मी," पूनमचा आवाज चिरकला. "चाखून तं पाहा!"

"आमाले काय चाखवतं? नवऱ्याले चाखव!"

मागचाच आवाज म्हणाला. हशा झाला. निवृत्त मास्तर महादेवराव 'जाहिरात कमी पडली' म्हणाले. कोणी लेबलाच्या रंगावर घसरलं, कोणी बाटलीच्या बुचावर. विमलबाई पदर नाकाशी धरून बसली होती. पदराला सकाळच्या भज्यांचा वास होता. सुनेनं दिलेली बाटली ती देवाच्या दिव्यापुरती वापरायची. कढईत दुकानातल्या तेलाचा पुडा. सून घाणीवर गेली की डब्यामागून काढायचा, परतायच्या आत लपवायचा.

"विकायची म्हणणाऱ्यांनी हात वर करा," महादेवराव म्हणाले.

हात भराभर वर गेले. "करा ना वर," जयमालानं कोपर मारलं, "का सुनेचं भेव वाटते?"

विमलबाईनं हात वर केला. पूनमनं पाहिलं. "आत्याबाई, तुम्हीबी?"

"विकायले नाही केला व माय. बोलायले केला." विमलबाई गुडघ्यावर हात टेकत उठली. "उकंडभाऊ, तुमच्या घरी कोणतं तेल हाय? आन् तुह्या घरी, जयमाले?"

जयमाला पोत्याचा दोरा उसवू लागली. वर गेलेले हात एकेक करून मांडीवर आले.

"माह्या घरी पुडा हाय," विमलबाई म्हणाली. "तांदळाच्या डब्यामागं. पैसे समद्यायनं देल्ले, पण इथल्या एकानंबी आजवर बाटलीभर तेल इकत नाही घेतलं. मीबी नाही."