एक्स्ट्रीमली अर्जंट

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत तक्रार विभागाच्या प्रमुखाला सगळे ‘सुप्रीम’ म्हणत, आणि त्याला ते मनातून आवडे. कुठली तक्रार आधी आणि कुठली नंतर, याचा शेवटचा निकाल त्याचा. पूर्वी काम सोपं होतं. गिऱ्हाइकानं ‘अर्जंट’ म्हटलं की मेकॅनिक निघे. मग सगळेच अर्जंट झाले. म्हणून हुशार लोकांनी ‘मोस्ट अर्जंट’ काढलं, त्यांच्या शेजाऱ्यांनी ‘एक्स्ट्रीमली’, आणि वरच्या मजल्यावरच्यांनी थेट ‘अ‍ॅब्सोल्यूटली टॉप मोस्ट’. ‘आत माणूस अडकलाय’ हेही सर्रास सांगू लागले. एकदा मेकॅनिक जिवाच्या आकांतानं धावला, तर आत कुंडी निघाली.

तेव्हा सुप्रीमनं नियम बसवला. ज्याचा शब्द मोठा, त्याच्याकडे माणूस आधी. साधं बोलणाऱ्याकडे संध्याकाळी.

“ज्याचं खरंच दुखतं तो बोंबलतोच,” असं त्यानं मीटिंगमध्ये सांगितलं होतं. मालकांनी टेबल वाजवलं होतं.

त्या दुपारी फोनवर बसणारी बाई एकेक तक्रार सांगत होती आणि सुप्रीम चहा पीत निकाल देत होता.

“अ‍ॅब्सोल्यूटली टॉप मोस्ट अर्जंट. लिफ्टच्या आरशावर ओरखडा आहे.”

“जुन्या मेकॅनिकला पाठवा.”

“एक्स्ट्रीमली अर्जंट. बटणातला दिवा मिणमिणतोय.”

“दुसऱ्याला पाठवा. पुढे?”

“एक म्हातारे गृहस्थ आहेत. म्हणतात, लिफ्ट थोडी थांबली आहे, मी आत आहे, सवडीनं या.”

“थोडी?” सुप्रीमला हसू आवरेना. “आणि सवडीनं? अहो, आत असलेला माणूस असा बोलतो होय? ही दुसरी कुंडी. संध्याकाळी.”

“साहेब, त्यांचा हा दुसरा फोन आहे. मी म्हटलं, आजोबा, निदान ‘मोस्ट अर्जंट’ तरी म्हणा, म्हणजे मला माणूस पाठवता येईल. तर म्हणाले, मोस्ट म्हणण्यासारखं अजून काही झालेलं नाही.”

“बघा! ते स्वतःच म्हणतायत. नियम म्हणजे नियम.”

तेवढ्यात सुप्रीमचा मोबाइल वाजला. बायको होती.

“अहो, नाना तुमच्याकडे आलेत का?”

“माझ्याकडे कशाला येतील?”

“सकाळी उपाशीपोटी रक्त तपासायला गेलेत. मी बरोबर येते म्हटलं, तर म्हणे एवढं काय त्यात. अजून पत्ता नाही. शुगरची गोळी घेतलीय, वर खाल्लेलं काही नाही. फोन लागतच नाही त्यांचा.”

नाना म्हणजे सुप्रीमचे वडील. आयुष्यभर हवामान खात्यात नोकरी केलेली. गावाची कौलं उडाली त्या दिवशी त्यांनी ‘वाऱ्याचा जोर वाढला’ एवढंच लिहून दिलं होतं. आई गेली तेव्हा नातेवाइकांना फोन करून म्हणाले होते, “घरी जरा वाईट झालंय, जमलं तर या.” निम्मे आलेच नाहीत.

सुप्रीमनं कप खाली ठेवला. तो बशीवर बसला नाही, कलंडला.

“कुठली लॅब?” त्यानं विचारलं. बायकोनं बिल्डिंगचं नाव सांगितलं. त्यानं तेच नाव मोठ्यानं उच्चारत बाईकडे पाहिलं.

बाईचा चेहरा पांढराफटक पडला. “तीच, साहेब,” ती म्हणाली. “तीच बिल्डिंग.”

तिनं आजोबांच्या नंबरावर उलट फोन लावला. बंद होता.

सुप्रीमनं जुन्या मेकॅनिकला फोन लावला. “अरे, हातातलं टाक आणि नीघ! अर्जंट आहे! मोस्ट... एक्स्ट्रीमली... अ‍ॅब्सोल्यूटली अर्जंट!”

“साहेब, इथंही अ‍ॅब्सोल्यूटलीच आहे,” मेकॅनिक शांतपणे म्हणाला. “आरसा पुसतोय. त्याच्या वरचं काही असेल तर सांगा, निघतो.”

त्याच्या वरचं काही सुप्रीमपाशी नव्हतं. ते सगळे शब्द त्यानंच वर्षभर आरशांना आणि दिव्यांना वाटून टाकले होते.

“माझे वडील लिफ्टमध्ये आहेत रे,” तो म्हणाला.

फोन खाली ठेवायच्या आत पलीकडून हत्यारांची पेटी उचलल्याचा आवाज आला.

सुप्रीम आणि मेकॅनिक बिल्डिंगपाशी पोचले तेव्हा लोक जिन्यानं मुकाट चढउतार करत होते. लिफ्ट बंद असते हे त्यांना सवयीचं होतं. “आतली बेल कुणाला ऐकू कशी आली नाही?” सुप्रीमनं धापा टाकत विचारलं.

“बेल बिघडलीय इथली. तक्रार आली होती,” मेकॅनिक पहार लावत म्हणाला. “पण साधी होती.”

दार करकरत सरकलं. नाना कोपऱ्यात जमिनीवर बसले होते. शर्ट घामानं चिंब, ओठ राखेसारखे, हातातला मोबाइल निपचित. मेकॅनिकनं धावत जाऊन लॅबमधून साखरेचं पाणी आणलं आणि घोट घोट पाजलं. बऱ्याच वेळानं नानांची नजर ठिकाणावर आली.

“तू कसा इथं? ऑफिस सुटलं?”

“नाना, मला का नाही फोन केलात?”

“कामाच्या वेळी कशाला? लिफ्टवाल्यांना केला होता. फोनवरची मुलगी गुणी आहे, बिचारीनं काय म्हणायचं तेही सुचवलं. ओरडल्याशिवाय माणूस पाठवायचा नाही, असा नियम आहे म्हणे त्यांच्यात.” त्यांनी दम घेतला. “कुणी केला असेल रे असला नियम?”

सुप्रीम वाकून नानांच्या चपला सरळ करू लागला.

“आमच्या साहेबांनीच की!” मेकॅनिक उत्साहानं म्हणाला. “तुमच्याच चिरंजीवांनी! मालकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती.”

नानांनी मुलाकडे पाहिलं.

“अस्सं,” ते म्हणाले.

नाना उठू लागले तसा सुप्रीमनं हात पुढे केला. नानांनी मेकॅनिकच्या खांद्याचा आधार घेतला आणि जिन्यानं खाली निघाले.