धुणाऱ्यांचेच हात लाल का?

अरे, ऐका तर! सकाळी आमच्या लाँड्रीत नुसती झुंबड. मशीन बंद, चादरी टबात तशाच, आणि सगळे दारात आलेल्या एका त्रिगुणबाबाभोवती! बाबा प्रत्येकाच्या तळव्यावर थेंबभर पाणी टाकून पिवळा कागद दाबायचा. पिवळाच राहिला तर सत्त्वगुण, लाल झाला तर रजोगुण, अगदी तपकिरी झाला तर तमोगुण.

माझी ताईही इथंच कपडे धुते, तिचा कागद लालभडक! "माते, रज उसळलाय! चंचल! अतृप्त!" बाबानं 'मुक्तिजल' शिंपडलं, कागद पुन्हा पिवळा. "क्षणभर सुटलीस. कायमची सुटायचंय? नर्सिंगचं खूळ सोड, वर्षभर आश्रमात सेवा कर."

नर्सिंगचा फॉर्म भरायचा तो शेवटचा दिवस, आणि ही हात जोडून म्हणते, "खरंय महाराज, मला कुठंच चैन पडत नाही."

तेवढ्यात इस्त्रीवाले मामा पुढे झाले. कागद पिवळाधमक. "सात्त्विक!" बाबा गरजला. अरे, मामा म्हणजे कपड्यांच्या गठ्ठ्यावर डोकं टेकलं की घोरणारा माणूस! आणि धुणाऱ्या मावशी, कधी आवाज चढवत नाहीत, त्या लाल? मी भराभर बघितलं. इस्त्रीवाले सगळे पिवळे, धुणारे सगळे लाल किंवा तपकिरी.

"मामा, सोड्याच्या टबात हात घाला."

"का रे, माझं सत्त्व धुऊन काढतोस?"

घातला. नवा कागद दाबला. लाल!

"अहो, हा हळदीचा कागद! हातावर सोडा जितका जास्त, तितका रंग गडद!" हळदीचा डाग साबणात लाल होतो, हे काउंटरवर मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो, आणि आम्हीच फसलो! मुक्तिजल चाखलं, तर निव्वळ लिंबूपाणी. आंबट लागलं की हळद परत पिवळी.

मावशींनी कमरेवर हात ठेवले. "म्हणजे महाराज, आम्ही दिवसभर कपडे धुतो, हाच आमचा रजोगुण?"

"श्रद्धा नाही तिथे..." असं पुटपुटत बाबानं झोळी आवरली.

ताई मात्र हलेना. "पण चैन पडत नाही, ते तर खरंय ना, मावशी?"

"अगं, तिन्ही गुण सगळ्यांत असतात. सकाळी एक वर, दुपारी दुसरा. कोणता ओढतोय ते आपलं आपण ओळखायचं आणि त्याच्यामागे फरफटत जायचं नाही. सुटणं म्हणजे हेच. कागद दाबून कुणी सुटत नाही."

ताईनं हात पुसले. "मग चैन नसली तरी जाते," म्हणाली आणि निघालीच, फॉर्म भरायला.

म्हणून सांगतो, कुणी तुमचं मन असं हातावर वाचून दाखवलं, तर हात जोडण्याआधी तोच प्रयोग आणखी दहा हातांवर करून बघा.