ठेवायची राहून गेलेली घागर

मित्रांनो, मासे धरायचा गळ तुम्ही पाहिला असेल. मी तो नव्हे. मी विहिरीत पडलेली भांडी वर काढणारा एक जुना लोखंडी गळ आहे. एका कड्याभोवती माझे आठ आकडे. आमचे गुजराती शेजारी मला 'बिलाडी', म्हणजे मांजर, म्हणत. तेव्हा तुकोजीकाका हसून सांगत, "आमची बिलाडी दुधाला तोंड लावत नाही हो, नुसतं पाणी पिते!"

बडोद्याला मांडवीजवळच्या एका लोहाराने मला घडवलं आणि तुकोजीकाकांनी मला पादरा गावाच्या वाटेवरच्या आपल्या खेड्यात नेलं. काकांचे पूर्वज संस्थानच्या पागेत होते. काकांच्या वाट्याला दोन बिघे जमीन आणि सगळ्या गावाची कामं आली. कोणाचं छप्पर शाकारायचं असो, कोणाची म्हैस अडलेली असो, हाक आली की हातातला घास ठेवून निघत. फक्त मारुतीच्या देवळात कीर्तन असलं की जागचे हलत नसत; बुवांच्या मागे टाळ घेऊन उभे. मला विहिरीत सोडतानाही तोंडी नाम चालू असे. आकड्याला भांडं लागलं की दोर थरथरे, काकांचा सूर चढे आणि मलाही आपण टाळकरी झाल्यासारखं वाटे.

मला उसना नेणाऱ्याला एकच नियम होता. आपलं एक भांडं काकांच्या ओट्यावर ठेवायचं, मी परत आलो की ते न्यायचं. "माणूस वाईट नसतो," काका म्हणत, "विसरतो."

ब्याण्णव सालची गोष्ट. शेजारच्या कुसुमावतीबाईंच्या यजमानांना, प्रतापरावांना, नंदेसरीच्या कारखान्यात नोकरी लागली. बिऱ्हाड बडोद्याच्या नागरवाड्यात हलणार, सामान टेम्पोत चढलेलं. बाई शेवटचं पाणी भरायला गेल्या आणि सासूबाईंची तांब्याची घागरच विहिरीत पडली. त्या धावत आल्या. काका गोठ्यात व्यायला झालेल्या म्हशीपाशी बसले होते.

"काका, गळ हवाय. पण ठेवू काय? भांडी सगळी बांधली हो!"

"ने गं पोरी. तुझ्याकडून कसलं भांडं घ्यायचं?"

नियम मोडला तो त्या एकाच दिवशी.

घागर वर आली. तिकडे टेम्पोवाला उशीर होतो म्हणून ओरडत होता, "चालो बेन, मोडुं थाय छे!" घाईत बाईंनी घागरीला आणि मला एकाच पोत्यात कोंबलं.

नव्या घरी घागर बाहेर निघाली, मी मात्र पोत्यासकट माळ्यावर गेलो. तिथे ना पाणी, ना दोर. हलायला जावं तर पोत्याचे धागे आकड्यांत अधिकच गुंतत. खालून रेडिओ ऐकू येई, पुढे टीव्ही आला, मिक्सर आला. दिवाळीच्या साफसफाईत बाईंना मी सापडायचो. "या खेपेला नक्की पाठवते," त्या म्हणायच्या.

"चार वर्षं हेच ऐकतोय," प्रतापराव टोमणा मारायचे. "काकांचा गळ नेलास की गिळलास?"

मग बाईंना लाजच वाटू लागली. इतक्या उशिरा कोणत्या तोंडाने द्यायचा?

एकदा नागरवाड्यात कीर्तन होतं म्हणून काका आले. आवाज मी लगेच ओळखला. पण पावलं निराळी होती. एक जड, एक हलकं. माझे आठही आकडे शहारले. आता विचारतील, आता मला उतरवतील!

काकांनी चहा घेतला. "घागर बरी आहे ना गं?" एवढंच विचारलं.

"आहे की काका." गळाचं नाव मात्र बाईंनी काढलं नाही.

"मग झालं तर. येतो, आवजो!" ती दोन पावलं जिना उतरून गेली. दार लागल्याचा आवाज मात्र बऱ्याच वेळाने आला.

दोन हजार चार साली काका गेल्याचा निरोप आला. बाई रडत माळ्यावर चढल्या, एकेक धागा सोडवून मला मोकळं केलं आणि घागर काखेत घेऊन गावी आल्या. काकांच्या पत्नी रखमाबाई ओट्यावर बसल्या होत्या. मला हातात घेऊन त्यांनी माझे आकडे एकेक करून चाचपले.

"गळ कुठाय म्हणून लोक विचारायचे," मग त्या म्हणाल्या. "हे म्हणायचे, 'मीच कुठे ठेवला, आठवत नाही.' आणि कमरेला दोर बांधून स्वतः उतरायचे. साठीचा माणूस! एकदा पाय घसरला, तेव्हापासून लंगडायचे. कीर्तनात उभं राहता येईना, मग बसून टाळ धरायचे."

कुसुमावतीबाईंनी घागर ओट्यावर ठेवली. "त्या दिवशी ठेवायची राहिली होती, काकू."

"गळ आला ना परत? मग ने तुझं भांडं. नियम आहे यांचा."

"नाही काकू. ज्यांच्या हातून परत घ्यायचं, ते कुठे आहेत?"

ती घागर आता मारुतीच्या देवळात असते. कीर्तनाला आलेले तिच्यातलं पाणी पितात. तिच्याच वर मी खिळ्याला टांगलेला आहे. गावात नळ आला, विहिरीवर फरशी बसली, मला कोणी सोडत नाही. बुवांच्या मागे काकांची जागा तेवढी रिकामी दिसते.

मित्रांनो, आज घरी गेलात की एकदा माळ्यावर चढा. कोणाची तरी वस्तू तिथे पोत्यात असेल. उशीर झाला म्हणून लाजू नका. धागे सोडवा आणि नेऊन द्या. ओट्यावर तिचा माणूस बसलेला आहे, तोवरच.