बदनापूरचं तिकीट

सिडकोतल्या डिजिटल चित्रकलेच्या क्लासात सुमेध आणि सत्यम शेजारी बसायचे. सुमेध करमाडहून बसनं यायचा. बोलताना तो अडखळायचा आणि ‘क’ तर त्याच्या तोंडातून निघतच नसे. म्हणून घरी जाताना तो कंडक्टरकडं पुढच्या बदनापूरचं तिकीट मागायचा आणि मधेच करमाडला उतरायचा. हे त्यानं आईलाही कधी सांगितलं नव्हतं. सत्यमला मात्र सांगितलं होतं.

शेवटच्या आठवड्यात सरांनी प्रत्येकाला आठ पानांची कॉमिक पुस्तिका, म्हणजे झीन, करायला लावली. सत्यमची झीन वर्गात हातोहात फिरली. तिच्यात एक पोरगा रोज बदनापूरचं तिकीट काढून करमाडला उतरत होता. त्याच्या तोंडाजवळच्या फुग्यात नुसतं ‘क क क’ लिहिलं होतं. पोरं पोट धरून हसली. सर म्हणाले, “निरीक्षण लई बारीक आहे तुझं.”

सुमेधचे कान तापले. सुट्टीत त्यानं सत्यमला जिन्यात गाठलं.

“मी फक्त तुला सांगितलं होतं.”

“अरे, तुझं नाव कुठं टाकलंय मी? आणि आवडली ना सगळ्यांना.”

सुमेधला विचारायचं होतं, का केलंस असं? पण तो पहिलाच शब्द घशात अडकून बसला. सत्यम मोबाइलकडं बघत म्हणाला, “चल, सर बोलवायलेत.”

दुसऱ्या दिवसापासून सुमेध खिडकीजवळच्या संगणकावर बसायला लागला. सत्यमनं दोनदा हाक मारली. त्यानं मान वर केली नाही.