शेऱ्याचा रकाना

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. भिंतीवर खिळ्याला लटकणारा नव्हे. पनवेलच्या बाजारापाशी मासळी विकणाऱ्या बायकांची एक संस्था आहे, तिच्या संगणकात मी राहतो. आज मी माझं कौतुक सांगायला नाही, चूक कबूल करायला बसलो आहे.

मला मनिषाने घडवलं. ती संस्थेची कारकून. जुन्या वहीतली माहिती तिने एका बोटाने टाइप करत माझ्यात उतरवली: नाव, गाव, मासळी, फोन. पाचवा रकाना शेऱ्याचा. तो फक्त तिच्या कामापुरता होता. कोणाला ऐकू कमी येतं, कोणाचे गुडघे दुखतात, असं काहीबाही त्यात असे. जिताडा विकणाऱ्या गुणाबाईंच्या ओळीत लिहिलं होतं, 'सून जेवायला वाढत नाही. दुपारी डबा द्यावा.' एकदा दार लोटून घेऊन गुणाबाईंनीच हे मनिषाला सांगितलं होतं. आपण रजेवर गेलो तर बदलीच्या बाईने डबा चुकवू नये, म्हणून मनिषाने ते लिहून ठेवलं. सात वर्षं ती ओळ माझ्यापाशी सुखरूप होती.

मग करंजाडे, विचुंब्याकडे नव्या इमारती झाल्या. तिथल्या लोकांना ताजी मासळी हवी, पण फोन कोणाला करायचा ते ठाऊक नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, यादी इंटरनेटवर टाक. मनिषाला प्रोग्रॅमिंगचा गंध नव्हता. पण तिला एक सोय सापडली. आपला तक्ता निवडायचा, चार बटणं दाबायची, की वेबपान तयार. 'सर्व रकाने दाखवा' या चौकटीत आधीच टिक होती, ती तिने राहू दिली. पान तयार झाल्यावर तिने ते पाहिलंही. पण संस्थेच्या छोट्या पडद्यावर चारच रकाने मावत होते. पाचवा बघायला पान बाजूला सरकवावं लागे. तिने सरकवलं नाही.

खरं सांगतो, मला त्या दिवशी मोठा आनंद झाला. इतकी वर्षं कोपऱ्यात पडलेला मी, आता सगळं जग मला अथपासून इतिपर्यंत वाचणार होतं. फोन खणखणू लागले. अध्यक्षबाईंनी मनिषाला पेढा दिला. माझ्या पोटात काय आहे ते मला माहीत होतं, तरी मी फुगलो. याची लाज अजून जात नाही.

पाचव्या दिवशी करंजाड्याची रिया नावाची मुलगी बाजारात आली. मनाने चांगली. तिने पोळीभाजीचा डबा गुणाबाईंच्या पुढ्यात ठेवला आणि शेजारच्या सगळ्या बायकांदेखत म्हणाली, "मावशी, सून जेवायला देत नाही ना तुम्हाला? मी वाचलं."

गुणाबाईंनी डबा परत केला, पाटी तशीच टाकली आणि संस्थेत आल्या. मनिषा उभी राहिली. तिला काही कळेना.

"पोटातलं तुला सांगलं व्हतं, पोरी," गुणाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुनं सगल्यांना वाचाया दिलंस. मी मासली इकते, भीक नाय मांगत."

मनिषाने पान बाजूला सरकवलं. तेव्हा तिला पाचवा रकाना दिसला. तिने तो काढला, माझ्यातूनही पुसला, गुणाबाईंचे पाय धरले. गुणाबाईंनी तिला उठवलं. फोन नंबर राहू दे, म्हणाल्या, धंदा चालाया पायजे.

मित्रांनो, तुम्हालाही उद्या अशी सोय मिळेल. चार बटणांत तुमचाही तक्ता जगापुढे जाईल. जरूर जाऊ द्या. पण आधी पान शेवटच्या रकान्यापर्यंत सरकवा. तिथे कोणीतरी दार लोटून सांगितलेलं असतं.

मनिषा अजून रोज दुपारी विचारते, "मावशी, जेवलात का?"

गुणाबाई आधी माझ्या पडद्याकडे बघतात. मग म्हणतात, "जेवले."

त्यांच्यासाठी टेबलावर ठेवलेला डबा संध्याकाळी तसाच मनिषाबरोबर घरी जातो.