दोन डब्यांची झाकणं

आपल्या आनंदाचा केक आपणच आणायचा, ही नेदरलँड्समधल्या उत्रेख्तची रीत. सोमवारी योरिस सफरचंदाचा केक घेऊन प्रयोगशाळेत आला आणि लीस्बेटच्या पोटात दुखायला लागलं.

कारणही तसंच होतं. इथे ऑर्गनॉइड, म्हणजे खसखशीएवढी आतडी, डब्यांत वाढवतात. लीस्बेट माणसाची वाढवायची, योरिस डुकराची. वटवाघळाचा विषाणू यांतल्या कुणात शिरतो, हे पाहायचं होतं. लीस्बेटने तीन वर्षं ती आतडी तळहातावरच्या फोडासारखी जपली; शेवटी विषाणू सोडला, तर तो तिच्या डबीकडे ढुंकून बघेना. आणि हा काल आलेला योरिस! पहिल्याच खेपेला त्याच्या डबीत विषाणू शंभरपट. डिसेंबरनंतर दोघांपैकी एकाचीच नोकरी राहणार होती.

"अभिनंदन गं, तुझ्या शेजाऱ्याचं!" जो तो तिचाही हात हातात घेत होता. एकाच्या यशाचं अभिनंदन शेजारच्या टेबलावरच्यालाही, तीही तिथली रीतच. ती हसून केक गिळत होती आणि आतून नुसती जळत होती.

दुसऱ्या घासाला तिला विषाणू सोडण्याआधीचा शनिवार आठवला. दोघांच्याही आतड्यांना खाऊ घालायची पाळी तिची होती. एका वेळी एकच डबी उघडायची, हा नियम. पण त्याची आपल्यापेक्षा गुबगुबीत कशी, हे ताडून बघायला तिने दोन्ही एकदम उघडल्या होत्या. नावं तर नुसती झाकणांवर!

"हांना," ती प्रमुख बाईंना म्हणाली, "झाकणांची अदलाबदल झालीय. माझ्याकडून."

"दोन्ही एकदम उघडल्यास? कशाला?"

"त्याची बघायला. जळत होते मी त्याच्यावर."

योरिसचा चेहरा उतरला. "म्हणजे माझा केक फुकट?"

"तपासा ना!" लीस्बेट म्हणाली. "त्याच्या डबीत माणूस की डुक्कर, डीएनए सांगेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल आला. सगळे हांनाभोवती जमले. तिने चष्मा लावून वाचलं, "माणूस."

लीस्बेटच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तीन वर्षांचं चीज झालं, नोकरी वाचली, योरिसची जिरली!

हांना मात्र खुर्चीत बसली. "म्हणजे हा विषाणू माणसात शिरतो," ती हळूच म्हणाली आणि फोन शोधू लागली.

योरिसने लीस्बेटकडे पाहिलं.

"अगं, तू हसतेयस काय?"